चौथा मजला, माणूस एक

"मोटर गेली असेल," मी फोनवर ताईला म्हटलं. "आवाज कसला येतोय?"

"आवाजच नाही. बटण दाबलं की दार लागतं, आणि मग ढिम्म."

मी तेव्हा दवाखान्याच्या लिफ्टच्या टपावर बसलो होतो. हात ग्रीसने बरबटलेले, फोन खांद्यात धरलेला, खाली स्ट्रेचर घेऊन माणसं खोळंबलेली.

"शनिवारच्या आत कर रे," ताई म्हणाली. "मास्तरीणबाई शनिवारी चालल्यात. मुलीकडे, कायमच्या."

मास्तरीणबाई ताईच्याच इमारतीत, तळमजल्याला. चाकाच्या खुर्चीत. ताई चौथ्या मजल्यावर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. अकरा वर्षं रोज ताई लिफ्टने खाली जायची आणि दोघी फाटकाशी बसून अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढायच्या. आता त्यांना वर येता येईना, हिला खाली जाता येईना.

"फोनवर बोला की," मी म्हटलं.

"त्यांना फोनवर ऐकू येतं होय? मी कशा आहात विचारलं, की त्या मला वार सांगतात."

"मग तुला खुर्चीत बसवून दोघंतिघं खाली नेतील."

"चौघांनी उचलायची वेळ यायचीय अजून. तू लिफ्ट कर."

"करतो," म्हटलं.

आता माझी पद्धत सांगतो. शाळा सातवीत सुटली, पण कुठलं काम आधी धरायचं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. तक्रार आली की पाटीवर जागा लिहायची आणि पुढे आकडा, किती माणसं अडकली. मोठा आकडा आधी. साहेब नव्या मेकॅनिकांना मुद्दाम माझ्याकडे पाठवायचे, म्हणायचे, दिवस कसा वापरायचा ते याच्याकडून शिका. मीही छाती फुगवून सांगायचो, डोकी मोजा. दवाखाना, तीनशे. ताईच्या इमारतीत बाकी सगळे तरणेताठे, जिने चढणारे. म्हणून तिच्यापुढे मी एक लिहिला.

त्यात मोटर उतरवायची म्हणजे अख्खा दिवस. एका माणसापायी अख्खा दिवस कुठून काढणार? नुसतं बघून यावं तर तेवढ्यात दुसरं एक काम उरकतं. गेलोच नाही. हे माझं शहाणपण.

बुधवार दवाखान्यात गेला. गुरुवार कापडाच्या दुकानात. शुक्रवारी ताईकडे निघालो होतो, खरंच निघालो होतो, तर एका कचेरीतून फोन. बारा मजले, दोन्ही लिफ्ट बंद, चारशे डोकी. अर्ध्या वाटेतून वळलो. जाऊन बघतो तर मंडळी खाली चहा पीत उभी. एकजण म्हणाला, "सावकाश करा हो मिस्त्री, आमची काही तक्रार नाही." सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी ताईला फोन केला. "उद्या पहिलं काम तुझं."

ती म्हणाली, "बरं."

शनिवारी नऊला पोचलो. चार जिने चढून धाप लागली. ताई गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती.

"सातलाच गेल्या," ती म्हणाली.

"काल सांगायचं ना, सातला निघणारेत म्हणून."

"तू विचारलं नाहीस. आणि आवाजावरून दमलेला वाटलास." तिने गुडघ्यावरचा पदर सारखा केला. "मी इथून हात केला. त्यांनीही केला. पण त्यांना लांबचं दिसत नाही ना धड, तिसऱ्या मजल्याकडे बघून केला."

मी कामाला लागलो. मोटर ठणठणीत होती. चौथ्या मजल्याच्या दाराची बोटाएवढी पट्टी काळी पडली होती. दार लागायचं, पण लागलं हे मशीनला कळायचंच नाही, म्हणून ते हलायचं नाही. दार लागतं आणि मग ढिम्म. ताईने पहिल्याच दिवशी फोनवर अचूक सांगितलं होतं. शिकाऊ माणसालाही उमगलं असतं. माझं डोकं तेव्हा डोकी मोजत होतं.

पट्टी फडक्याने पुसली, बारीक पॉलिश पेपरने घासली. दहा मिनिटं लागली. अवजारं मग उगाच पाऊण तास खुडबुडवत बसलो.

"मोठं काम होतं का रे?" ताईने विचारलं.

"हो. मोठंच होतं."

"तरीच," ती म्हणाली. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

"चल, खाली जाऊन येऊ."

माझ्यासाठी म्हणून उठली. भिंत धरत लिफ्टपर्यंत आली. तळमजल्याला दार उघडलं. समोर मास्तरीणबाईंच्या दाराला कुलूप. मी बाहेर पडलो, हात पुढे केला. ताईने पाऊल उचललं नाही.

"छान चालतेय," ती म्हणाली. "हादरतही नाही. जा तू, तुझी माणसं खोळंबली असतील."

आणि तिनेच बटण दाबलं. दार लागलं. मी दारावरच्या आकड्यांकडे बघत उभा राहिलो. एक. दोन. तीन. मग चारचा दिवा लागला, आणि मी तिथे होतो तोवर लागलेलाच राहिला.