मी बिघडलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅकर आहे आणि मी कधीही बिघडलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या डबीवर कुणीतरी मोठ्या अक्षरांत "खराब" असं लिहून ठेवलं होतं आणि ते वाचून वाचून माझं डोकं उठलं आहे.

काडेपेटीएवढा माझा जीव. अंडी घालायच्या मोसमात बेटावरच्या समुद्रपक्ष्यांच्या पाठीवर मला चिकटपट्टीने बसवत. पक्षी मासे धरायला कुठवर गेला, ते मी नोंदवायचो. त्या नोंदी पाहून पक्ष्यांचा अभ्यास करणारे मोठे सर नकाशावर एक रेघ ओढणार होते. रेघेच्या आत जाळी टाकायला बंदी, म्हणजे पक्षी त्यांत अडकून मरणार नाहीत.

आधी मला एका नराच्या पाठीवर बसवलं. त्याच्या डोक्यावर ओळखीसाठी निळा ठिपका होता. हे गृहस्थ बेटाभोवतीच घुटमळायचे. वीस किलोमीटरवर पोट भरून दुपारपर्यंत घरी. सर खूश झाले. "वा, काय अचूक चालतो!"

मग मी त्याच्याच जोडीदारणीच्या, लाल ठिपकेवालीच्या पाठीवर गेलो. ती निघाली ती थेट दोनशे किलोमीटर. अंडं घालून बिचारी पार वाळली होती आणि मोठे मासे तिकडेच होते. दोन दिवसांनी आम्ही परतलो, तर सर माझ्यावरच खेकसले. "घरट्यात अंडं टाकून एवढं लांब कोण जाईल? याचं डोकं फिरलंय." आणि मला टेबलावर आपटलं. आपटून कुणी शहाणं झालंय का?

पुन्हा नर, पुन्हा शाबासकी. पुन्हा मादी, पुन्हा आपटणं. शेवटी पक्ष्यांची वजनं करणाऱ्या बाईंनाच राहवेना. "सर, नराला बसवला की हा शहाणा आणि मादीला बसवला की वेडा, असं कसं हो? ती परत आली तेव्हा निघतानापेक्षा दीडशे ग्रॅम जड होती. इथल्या इथे खाऊन एवढं वजन वाढतं होय?"

"बाई, तुम्ही तुमची वजनं करा," सर म्हणाले. मी डबीत गेलो. रेघ तीस किलोमीटरवर ओढली गेली.

पुढच्या मोसमात लाल ठिपकेवाली नेहमीसारखी लांब गेली. परत आली ती एका मच्छीमाराच्या टोपलीतून. पायातल्या कडीवरचा पत्ता वाचून त्याने तिला आणलं होतं.

"जाळ्यात मेली हो," तो म्हणाला. "इथून दोनशे किलोमीटरवर."

सरांनी कपाटातून माझी डबी काढली. "बाई, चूक माझी होती," एवढंच म्हणाले.

तिकडे निळा ठिपकेवाला चार दिवस अंड्यावरून हलला नाही. त्याची पाळी संपवायला कुणी आलंच नाही. पाचव्या दिवशी भुकेने उठून गेला आणि अंडं थंड पडलं. मला सरांचा अजून राग येतो.

रेघ आता लांब सरकली आहे. मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणत नाही. माझं सांगणं पटलं नाही, तर आपटण्याआधी एवढंच विचारा, की मी कुणाच्या पाठीवर होतो. डबीवरचं "खराब" सरांनी स्वतः खोडलं. बाईंनी त्याखाली एक लाल ठिपका काढला आहे.