छोटा लॅपटॉप आणि काकांची वेल

मित्रांनो, मी एक जुना, छोटा लॅपटॉप आहे. काकूंच्या पिशवीत टॉवेल आणि पाण्याची बाटली यांच्या मधे सहज सरकावा, एवढाच. आता माझी बिजागरी सैल झाली आहे आणि वायर जोडल्याशिवाय मी सुरूच होत नाही. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच.

कारखान्यात मला घडवताना सगळ्यांना एकच ध्यास होता, मी हलका व्हावा. म्हणून माझी स्क्रीन लहान ठेवली आणि बाहेरून मोठी स्क्रीन जोडायची खाचही गाळून टाकली. तेव्हा मला त्याचा अभिमानच वाटला.

दुकानात मला बघायला काका-काकू आले. काकू घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायच्या. जड पिशवी खांद्याला लावून जिने चढता-उतरता त्यांचा खांदा भरून यायचा. काका घरी बसून कापडावर छापायच्या नक्षी काढायचे. वेली, पानं, कळ्या. दोघांत मिळून एकच लॅपटॉप घ्यायचा होता.

काकूंनी माझ्या शेजारच्या मोठ्या लॅपटॉपवर हात ठेवला. "हा घेऊ या. तुम्हाला नीट दिसेल."

काकांनी तो उचलून पाहिला आणि खाली ठेवला. "हे ओझं घेऊन जिने चढणार तू? छोटाच बरा. माझं काम काय, कशावरही होतं."

"नक्की ना?"

"अगं, नक्की."

ते खरं नव्हतं. काकांची नजर मंदावत चालली होती आणि त्यांनी घरात कोणाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

काकूंशी माझी छान गट्टी जमली. गुडघा कसा वाकवायचा, पाठ कशी उचलायची, याचे व्हिडिओ मी रुग्णांना दाखवायचो. एक आजोबा म्हणाले, "दिसतो एवढासा, पण कामाचा आहे." मला मूठभर मांस चढलं.

दुपारी काकू परतल्या की मी काकांच्या टेबलावर जायचो. तिथे माझं काही चालत नसे. पान मोठं केलं की वेल स्क्रीनबाहेर जायची, वेल आत बसवली की पान दिसेनासं व्हायचं. काका पुढे झुकत, आणखी पुढे, पार नाक टेकेपर्यंत. डोळ्यांतून पाणी यायचं. काकूंची चाहूल लागली की झटकन मागे रेलून बसायचे.

मग एका नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या कापडाचं मोठं काम आलं. नक्षीचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा छापतात, म्हणून त्याची एक कड दुसरीशी तंतोतंत जुळावी लागते. एका देठात केसाएवढी फट राहिली. ती माझ्याच स्क्रीनवर होती, पण तिच्याकडे बोट दाखवायला मला हात कुठे होते? काकांनी डोळे चोळले आणि नक्षी छपाई कारखान्याला पाठवून दिली.

कारखान्याचे मालक छापलेल्या कापडाचा तागा घेऊन घरी आले. त्यांनी तो जमिनीवर उलगडला. जिथे पाहावं तिथे वेल तुटलेली.

"तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं," एवढंच ते म्हणाले. पुढची कामं दुसऱ्याकडे गेली.

काकू कितीतरी वेळ कापडावरून बोट फिरवत राहिल्या. "दिसत नव्हतं तुम्हाला?"

"थोडं कमी दिसतं."

"दुकानात विचारलं होतं मी."

"तुझा खांदा दुखत होता."

"खांदा माझा होता ना? त्याचं मी बघितलं असतं."

काका तागा गुंडाळू लागले. मी तिथेच उघडा होतो, ती वेल अजून दाखवत.

काकूंनी मोठी स्क्रीन आणली, पण ती जोडायला माझ्यात खाच नव्हती. शेवटी टेबलावर मोठा संगणक आला. काका आता त्यावर रोज वेल काढतात, अगदी अखंड. छपाई कारखान्याकडून मात्र निरोप येत नाही. काकू बाहेर पडताना विचारतात, "आज काय काढताय?" काका म्हणतात, "असंच, काहीतरी."

मित्रांनो, आमच्यातला एखादा निवडाल तेव्हा वजन जरूर बघा, पण तो कोण वापरणार आणि कशासाठी, हेही विचारा. आणि तुम्हाला कोणी विचारलं, तर दुसऱ्याच्या काळजीपोटी आपली अडचण गिळू नका. 'मला नीट दिसत नाही,' एवढंच तर काकांना म्हणायचं होतं. त्यांच्याऐवजी ते बोलायला मला तोंड नव्हतं.