व्होल्व्होचं हेड

पन्नालाल सेठनं ती व्होल्व्हो मुंबईतल्या एका स्वीडिश इंजिनिअरकडून घेतली होती, तो मायदेशी निघाला तेव्हा. काळी, सहा सिलिंडरची, स्टिअरिंग डावीकडं. पन्नास सालीच कंपनीनं हे मॉडेल बंद केलं होतं. एकही सुटा भाग मिळायचा नाही. तरी चार वर्षं ती मालेगावात धावत राहिली, ती हेमसिंग मिस्त्रीमुळं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हा माणूस लष्कराच्या वर्कशॉपात शिकलेला. गाडीचं पुस्तक स्वीडिश भाषेत होतं, तो नुसती चित्रं पाहून इंजिन खोलायचा.

छप्पनच्या उन्हाळ्यात हेडची, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाची, गॅस्केट जळाली. हेमसिंगनं तांब्याच्या पत्र्यातून नवी कापली. सेठला सकाळीच शिरपूरला दर्शनाला जायचं होतं. घाईत हेमसिंगनं हेडचे बोल्ट एका टोकाकडून आवळत नेले. मधून सुरुवात करायची असते, नाहीतर हेड वाकडं बसतं, हे चित्रात होतं आणि त्यालाही ठाऊक होतं.

शिरपूरच्या वाटेवर गाडी वाफ सोडू लागली. ड्रायव्हर शालिग्रामनं लगेच थांबवली, पण हेडला चीर गेलीच. बैल जुंपून गाडी परत आणली. हेमसिंगनं हेड उतरवलं आणि त्याला आपली चूक दिसली. भोवती पंधरा माणसं उभी होती.

"काय झालं?" सेठनं विचारलं.

"यानं पाणीच टाकलं नाही," हेमसिंग शालिग्रामकडं बोट करून बोलून गेला.

शालिग्रामची नोकरी तिथंच गेली. हेमसिंगनं चीर सांधून गाडी पुन्हा चालू केली. लोक वाहवा करायचे, तेव्हा तो मान खाली घालून हाताचं ग्रीस पुसत राहायचा.

दिवाळीच्या सुमाराला शालिग्राम त्याला मोटारस्टँडवर दिसला. हमालासारखं पाठीवर पोतं होतं. हेमसिंग वळणारच होता, पण त्यानंच हाक मारली.

"हेमसिंगभाऊ, गाडी बरी हाये ना?"

"हाये."

"मले वाटे, मी पाणी टाकलं होतं. पण तुमी म्हणता म्हणजे मीच इसरलो असन. म्हणून आता दुसऱ्याची गाडी हाती घ्याची हिंमतच होत नाही."

हेमसिंगच्या कानशिलांतून ऊन वाफ निघाल्यासारखं झालं. तो तडक सेठच्या दुकानी गेला आणि सगळं सांगून टाकलं.

सेठ उठला. त्यानं पायात चपला घातल्या. "मले एकट्याले कायले सांगतं? पंधरा माणसांसमोर मी त्याले हाकललं. चाल, चौघांत सांग."

स्टँडवर, हमालांच्या घोळक्यात, हेमसिंगला ते पुन्हा सांगावं लागलं. तो पुटपुटला. "जोरात सांग," सेठ म्हणाला.

शालिग्राम पोत्यावर बसला.

"म्हणजे मी पाणी टाकलं होतं," तो हळूच म्हणाला.

"उद्यापासून कामावर ये," सेठ म्हणाला.

"येतो. पण मिस्त्री गाडीले हात लावन तवा मी समोर उभा राहीन."

हेमसिंगनं मान डोलावली. गावात दुसरा कोणी ते इंजिन जाणत नव्हता, म्हणून सेठनं त्याला काढलंही नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं शालिग्रामच्या नजरेखाली बोल्ट आवळताना कितीदा वाटलं.