बोक्याची हजेरी

दर सोमवारी सकाळी अकराच्या ठोक्याला बोका पोलीस ठाण्याची पायरी चढायचा. शिक्षा संपायच्या आत त्याला सोडलं होतं, पण एका अटीवर: तीन वर्षं दर आठवड्याला येऊन सही करायची. बोका हे नाव त्याला जुन्या सोबत्यांनी दिलं होतं. तो घरात शिरून, कपाट रिकामं करून निघून गेला तरी झोपलेला माणूस कूस बदलत नसे. आता तो कुलपं दुरुस्त करायचा. बाजारात एका जिन्याखाली त्याचं टीचभर दुकान होतं आणि ते बरं चालायचं, कारण कुलपातलं चोराइतकं कुणालाच कळत नाही अशी गिऱ्हाइकांची पक्की खात्री होती.

हजेरीची वही फौजदारबाईंच्या ताब्यात असायची. बाई चाळिशीकडे झुकलेल्या, एकट्या, आवाजाने खणखणीत. वहीतून मान वर न करता त्या तेच तीन प्रश्न विचारायच्या.

"पत्ता तोच?"

"तोच."

"काम तेच?"

"तेच."

"वाईट संगत?"

दीड वर्ष बोका इमानेइतबारे 'नाही' म्हणत आला. एका सोमवारी मात्र त्याच्या तोंडून निघून गेलं, "सोमवारी इथे येतो तेवढीच."

कोपऱ्यातल्या हवालदाराचा घास घशातच अडकला. बाईंनी मान वर केली, बोक्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि खदखदून हसल्या. बोका तसाच दुकानात परतला आणि त्या दिवशी त्याने एका म्हातारीला भलत्याच कुलपाची किल्ली बनवून दिली.

पुढे पावणेदोन महिन्यांनी ठाण्यातल्या मुद्देमालाच्या कपाटाचं कुलूप अडकलं. जप्त केलेला सगळा माल आत, दुपारी कोर्टात हजर करायचा, आणि किल्ली अर्धी मोडून आत बसलेली. बाईंनी बोक्याला बोलावणं पाठवलं. तो हत्यारांची पिशवी घेऊन आला, पण कपाटाला हात लावेना.

"लेखी द्या. आणि दोन साक्षीदार उभे करा. पोलिसांचं कपाट फोडलं म्हणून उद्या मलाच आत टाकाल."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. खात्यावर नाही."

बाईंनी निमूटपणे लिहून दिलं. हवालदार आणि शिपाई साक्षीला उभे राहिले. बोक्याने काम सुरू केलं ते तब्बल पाऊण तास चाललं. तो तार घालायचा, काढायचा, कपाळ पुसायचा, पाणी मागायचा. साक्षीदार कंटाळून चहाला गेले. शेवटी कुलूप उघडलं तेव्हा बाई हाताची घडी घालून म्हणाल्या, "तुमची फाईल मी वाचलीये. अशी कपाटं तुम्ही दीड मिनिटात उघडायचात."

"सवय गेली, बाई."

"खोटं बोलताना तुमचा डावा कान हलतो. हेही फाईलमध्ये आहे."

बोका कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. आजवर त्याच्याबद्दल एवढं लक्ष देऊन कुणी काही वाचलं नव्हतं. सख्ख्या आईनेसुद्धा कोर्टाचा निकाल शेजारणीकडून ऐकला होता.

तीन वर्षं पुरी झाली. बाईंनी शेवटच्या सहीखाली रेघ मारली, "सुटलात एकदाचे," म्हणाल्या आणि वही मिटली. पुढच्या सोमवारी अकरा वाजता बोका पुन्हा दारात.

"आता काय?" हवालदाराने विचारलं.

"छत्री हरवली. तक्रार द्यायचीये."

त्याच्या पुढच्या सोमवारी पाकीट हरवलं, मग चष्मा. बोक्याला चष्मा नव्हता. बाईंनी तक्रार लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"दरवाजे फोडताना एवढा वेळ लावत होतात का हो? सरळ विचारा."

बोक्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "माझी ना नाही. पण बाबांना भेटावं लागेल. तुम्ही ओळखता त्यांना."

बाबा म्हणजे निवृत्त हवालदार. बोक्याला ज्यांनी पकडलं तेच. त्या कामगिरीचं पदक दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत होतं. मुलगी चहा टाकायला आत गेली, तसे म्हातारबुवा खुर्ची सरकवून बोक्याच्या कानाशी आले.

"तिला काही सांगितलंस का रे?"

"कशाबद्दल?"

"सोंग करू नकोस. त्या दिवसाबद्दल."

रेकॉर्डवर होतं ते असं: हवालदारांनी तीन गल्ल्या पाठलाग केला, नऊ फुटी भिंत ओलांडली आणि झटापट करून चोराला जेरबंद केलं. घडलं होतं ते वेगळंच. चाहूल लागली म्हणून बोका एका कपड्यांच्या कपाटात लपला आणि कपाटाची बाहेरची कडी आपोआप पडली. आतून उघडायला ना भोक ना फट. तासाभराने श्वास कोंडायला लागला तेव्हा बोक्याने स्वतःच "वाचवा, वाचवा" म्हणून बोंब ठोकली. रस्त्याने जाणारे हवालदार आले आणि त्यांनी कडी काढली. कोर्टात पाठलागाची कहाणी बोक्याने मुकाट ऐकून घेतली होती. कुलपांचा एवढा मोठा उस्ताद कपड्यांच्या कपाटात अडकला, हे तुरुंगात कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"मी कशाला सांगू?" बोका पुटपुटला. "त्यात माझी अब्रू तुमच्यापेक्षा जास्त जाते."

म्हातारबुवांनी त्याचा हात हातात घेतला. डोळे पाणावले होते. "मुलगा गुणी आहे गं!" त्यांनी आतल्या दिशेने आवाज दिला.

परतताना बाई रस्त्यात म्हणाल्या, "बाबांना स्टुलावर चढलं तरी गरगरतं. नऊ फुटी भिंत ते कसे चढले, मी कधी विचारलं नाही. तुम्हीही सांगू नका."

लग्नाला खात्याची परवानगी हवी होती. वरिष्ठांनी वराच्या चारित्र्याचा अहवाल मागवला, तो नेमका बाईंच्याच टेबलावर आला. त्यांनी तो हवालदाराकडे सरकवला. हवालदाराने बराच वेळ डोकं खाजवून लिहिलं, 'सदर इसम तीन वर्षांत एकदाही उशिरा आला नाही. ठाण्यातल्या एकाही कर्मचाऱ्याबद्दल असं म्हणता येत नाही.' परवानगी मिळाली. हवालदाराची मात्र बदली झाली.

लग्नानंतर दोघांनी नव्या वस्तीत घर घेतलं. पोलीसबाई शेजारी आल्या म्हणून गल्ली खूश झाली. कुणी गावाला निघालं की घराची किल्ली यांच्याकडे ठेवून जायचं. वर्षभरात भिंतीवर सतरा किल्ल्या लटकल्या. बोका संध्याकाळी त्यांच्याकडे पाहत बसायचा आणि जीव कासावीस व्हायचा, कारण त्यातलं एकही कुलूप धड नव्हतं. शेवटी न राहवून तो घरोघर गेला आणि हात जोडून म्हणाला, "ही कुलपं बदला हो. पोरसुद्धा केसातल्या पिनेने उघडेल."

"कशाला उगाच?" लोक म्हणायचे. "तुम्ही आहात ना शेजारी!"