फोटोची मागची बाजू

टॉलिव्हरनं खिशातून पांढरे हातमोजे काढले, तेव्हाच तो माणूस माझ्या मनातून उतरला. दुसऱ्याच्या घरी स्वतःचे हातमोजे घेऊन येणारा माणूस काहीतरी उचलायच्या तयारीनंच आलेला असतो.

म्हणून तर मी शेजारच्या बेव्हला आधीच बोलावून बसवलं होतं. तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण नजर घारीची. "तू फक्त त्याच्या हातांकडे बघ," मी तिला स्वयंपाकघरात बजावलं.

"आणि त्यानं तोंडानं फसवलं तर?"

"तोंडाचं मी बघते."

खरं म्हणजे त्याला मीच फोन करून बोलावलं होतं. तो म्युझियमचा माणूस. माझा नवरा क्लाइड गेल्या हिवाळ्यात गेला. उभा जन्म कागदाच्या गिरणीत राबला आणि नाद एकच केला, बेसबॉलचे जुने फोटो जमवायचा. खेळाडू उघड्या हातांनी चेंडू झेलायचे आणि बोटं मोडून घ्यायचे, त्या काळचे फोटो. दमट हवा लागू नये म्हणून माडीवरच्या खोलीची खिडकी त्यानं कधी उघडू दिली नाही. गावात कुणाला फोटो दाखवायचा नाही. "लोकांची नजर वाईट असते, व्हर्ना," म्हणायचा. मला ते अगदी पटायचं. मी स्वतः दूधवाल्याची बाटलीसुद्धा उजेडात धरून बघणारी बाई. जगात एक क्लाइड सोडून मी कुणावर विश्वास टाकलेला नाही.

आता माझी एकच इच्छा होती. हे फोटो म्युझियमच्या भिंतीवर लागावेत आणि खाली पाटी असावी, 'क्लाइड होस्टेटर यांचा संग्रह'. गिरणीतल्या माणसाचं नाव एरवी कोण लिहितं?

मी टॉलिव्हरपुढे घरी भाजलेल्या ऱ्हुबार्ब-पेस्ट्रीची बशी ठेवली. त्यानं हात लावला नाही.

"बोटांना लोणी लागेल, मिसेस होस्टेटर. नंतर खातो."

"हातमोजे आहेत ना तुमच्याकडे," बेव्ह म्हणाली.

तो नुसता हसला. मग त्यानं सगळ्यात चांगला फोटो पुढे ओढला. कॅटामाउंट क्लबचे नऊ मिशाळ गडी, मागे रंगवलेला पडदा, मधल्याच्या मांडीवर बॅट. कुणीही वाहवा केली असती. हा बाबा चेहऱ्यांकडे ढुंकूनही बघेना. पुठ्ठ्यावरच्या कागदी कोपऱ्यांतून त्यानं फोटो अलगद सोडवला आणि पालथा केला. खिडकीशी नेला, तिरका धरला, पुन्हा तिरका धरला.

ही रीत मला माहीत होती. जुन्या वस्तूंच्या विक्रीत क्लाइड हेच करायचा. पुढची बाजू कुणालाही फसवते, मागची आधी बघायची, असं त्याचं सांगणं. घरातले फोटो मात्र तो स्वतःच पुठ्ठ्यावर बसवायचा. माझ्याकडे वरची धूळ झटकायचं काम.

"हा त्यांना कुठे मिळाला?" टॉलिव्हरनं विचारलं.

"व्हरमाँटला. एका शेतकऱ्याच्या कोठारात."

"कधी?"

"ते आता कुणाला आठवतंय?"

तो फोटोवरून नजर न काढता म्हणाला, "मी हा दोन दिवस घेऊन जाऊ का? दिव्याखाली बघायचाय."

आला ना वळणावर! न्यायचा खरा आणि आणून द्यायची नक्कल. बेव्हनं मला डोळा घातला.

"फोटो या घराबाहेर जाणार नाही," मी म्हणाले. "जे बघायचं ते इथं बघा."

"मी बघितलंय," तो शांतपणे म्हणाला. "आता तुम्ही बघा. कडेनं उजेड पडू द्या. मी बाहेर गाडीत बसतो. तुम्ही सांगाल ते कागदावर लिहीन. व्हरमाँट म्हणालात, तर व्हरमाँट."

मला रागच आला. मी हातमोजे न घालताच फोटो उचलला आणि खिडकीत धरला. खालच्या डाव्या कोपऱ्यात कागद खरवडलेला होता. पात्यानं, हळूहळू, अगदी निगुतीनं. शाईचा मागमूस नव्हता. पण शाई खरवडता येते, दाब खरवडता येत नाही. तिरप्या उजेडात एक लंबगोल खड्डा उमटला. जरासा कललेला. वरच्या कडेला एक खाच.

मी खुर्चीत बसले.

लग्नाआधी मी गावच्या वाचनालयात कामाला होते. पहिल्याच हिवाळ्यात मला माडीवरच्या पेट्यांमधल्या सगळ्या जुन्या फोटोंवर शिक्के मारायला बसवलं होतं. फोटो पालथे घालून पितळी शिक्का जोर लावून दाबायचा, एवढंच काम. चेहरे मी बघितलेसुद्धा नाहीत. मी डावखुरी, त्यामुळे शिक्का नेहमी कलायचा. आणि ती खाचही माझीच, शिक्का माझ्या हातून दगडी पायरीवर पडला होता.

त्याच वर्षी क्लाइड यायला लागला. गुरुवारी वाचनालय उशिरापर्यंत उघडं असायचं. तो गिरणीतून तडक यायचा, हात घासूनपुसून. मी खाली कुलपं लावेपर्यंत माडीवर त्या पेट्यांच्या खोलीत बसायचा. सगळं गाव मला चिडवायचं आणि मला ते आवडायचं. लग्न झालं, मी नोकरी सोडली, त्यानंतर त्यानं त्या पायऱ्या कधी चढल्या नाहीत. "आता तिथं तू कुठं आहेस?" म्हणायचा. हे मी किती बायकांना मिरवून सांगितलंय.

पुढे पेट्या अर्ध्या रिकाम्या सापडल्या, तेव्हा गावानं छत रंगवायला आलेल्या माणसांवर आळ घेतला. सगळ्यात मोठ्यानं मी. क्लाइड समोर बसून सूप पीत मान डोलवत होता.

"काय गं, काय झालं?" बेव्हनं विचारलं.

मी तिला खड्डा दाखवला आणि सगळं सांगितलं. तिनं त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"अगं, तो तुझ्यासाठीच यायचा," ती म्हणाली. "फोटो आपले जाताजाता."

मला तिचं किती खरं मानायचं होतं! मी पुठ्ठ्यावरून दुसरा फोटो सोडवला. खालचा डावा कोपरा. तिसरा सोडवला. सगळीकडे माझाच कललेला हात आणि त्यावरून फिरलेलं त्याचं पातं. इतकी निगुती त्यानं माझ्या केसांतून हात फिरवतानाही दाखवली नव्हती. मला त्याची चीड आली, आणि त्याहून जास्त त्या चिडवणाऱ्या गावापुढे लाज वाटली.

गप्प बसले असते तरी चाललं असतं. टॉलिव्हर तसं म्हणालाच होता. पाटी लागली असती, नाव राहिलं असतं. पण ती पाटी वाचायला मलाच जावं लागलं असतं.

मी दारात जाऊन त्याला हाक मारली. तो आला, कागद उघडून उभा राहिला.

"व्हरमाँट खोडा," मी म्हणाले. "लिहा, इथल्या सार्वजनिक वाचनालयाचे. त्यांचे त्यांना परत द्यायचे. पाटी नको."

त्यानं लिहिलं. "कधी घेतले, ते काही सांगता येईल?"

"गुरुवारी," मी म्हणाले. "दर गुरुवारी. मी खाली कुलपं लावत असताना."

बेव्हनं तेव्हा कुठे त्याच्या हातांवरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं.