चौथ्या आवृत्तीतला फोटो

शिवानंद मास्तरांच्या टेबलावर एकाच जाडजूड ग्रंथाच्या चार आवृत्त्या उघड्या पडल्या होत्या, आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ग्रंथ हवाई दलाच्या विमानांचा. कोणतं कुठं पडलं, कोणतं हरवलं, सगळं त्यात. आता शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या माणसाला विमानाचं काय देणंघेणं? देणंघेणं एका पानाशी. थोरला भाऊ सिद्धाराम हवाई दलात मेकॅनिक. सुट्टी संपवून सास्तूरहून गेला आणि मालवाहू विमानासकट हिमालयात गडप झाला. नवी आवृत्ती निघाली की मास्तर ती मागवायचे, जुन्यांशेजारी ठेवून पट्टी लावून ओळ न् ओळ ताडून बघायचे. पहिलीत आभाळ स्वच्छ होतं. दुसरीत धुकं आलं. तिसरीत थेट बर्फाचं वादळ. अरे बाबांनो, एकदा काय ते ठरवा की! आवृत्तीगणिक हवा बदलायची, शेवटचा शब्द तेवढा तोच राहायचा. बेपत्ता.

त्या एका शब्दावर सिद्धारामची बायको, गंगम्मावैनी, शेजारच्या घरात जगत होत्या. भूकंपात जुनं घर पडलं, तर नव्या गावठाणात येताना त्यांनी जुना उंबरठा बैलगाडीत घालून आणला. का, तर नवऱ्याला घर ओळखू यावं. दाराला कडी म्हणून कधी घातली नाही. मास्तर चिडायचे, "वैनी, चोर शिरंल एखाद्या दिवशी!"

"शिरू द्या. ह्यांना दार वाजवायला लागाय नगं."

चौथ्या आवृत्तीत मात्र शब्द बदलला होता. विमान बर्फात सापडलं होतं. माणसं कोणी जिवंत नाहीत. खाली फोटो होता, लहानशा चांदीच्या डबीचा, बाजूला पितळेचं ठिगळ. यंत्राचा भाग, ओळख पटली नाही, असं छापलेलं.

मास्तरांना ओळख पटली. हात आपोआप छातीवर गेला. लिंगायतांत इष्टलिंग डबीत घालून जन्मतःच गळ्यात बांधतात, मेल्यावर तळहातावर ठेवून माणसाबरोबर मातीत देतात. ज्याचं त्याचं. पण सिद्धाराम निघाला त्या सकाळी एसटीची घाई, दोघा भावांनी एकत्र पूजा उरकली आणि चुकून लिंगाच्या डब्यांची अदलाबदल झाली. ठिगळाची मास्तरांची, लहानपणी गाडीच्या चाकाखाली चेपलेली. लिंगं बदलली हे कळल्यावर आईनं तर अन्नच सोडलं होतं. वैनींनीच समजूत काढली, "असू द्या, सुट्टीला आले की बदलू."

तेव्हापासून मास्तर भावाचं लिंग गळ्यात घालून हिंडत होते. पूजेला बसलं की कधीमधी अंगणात बूट वाजायचे. उठून बघावं तर कोणी नाही. भ्यायचे बिचारे, पण बोलायचं कुणाला?

पुस्तक लपवावं का, असं मनात येतंय तोवर वैनीच दारात. "आलं म्हणं पुस्तक. काय म्हणतंय?"

बेपत्ता म्हणायला जीभ उचलेना. वैनींना वाचता येत नव्हतं, फोटो दिसत होता. त्यांचं बोट ठिगळावर थांबलं.

"ही तर तुमची डबी, भाऊजी."

"व्हय, वैनी."

"शिवा शिवा!" वैनी म्हणाल्या. रडल्या नाहीत. त्यांनी तळहात पुढं केला. "मग द्या ह्यांना इकडं. लई दिवस तुमच्या गळ्यात ठेवलं."

सोमवारी शेतात समाधी झाली. माणूस बसवायचा तेवढा खोल खड्डा, आणि आत एवढीशी डबी. माती लोटताना मास्तरांचा हात सारखा रिकाम्या छातीकडं जात होता. विधी करायला आलेले जंगमस्वामी म्हणाले, "मास्तर, रिकाम्या गळ्यानं राहू नका. नवं लिंग बांधून देतो."

"नगं. माझं हाय की."

संध्याकाळी वैनींनी पहिल्यांदाच दाराला कडी घातली. इकडं मास्तरांची बायको उमादेवी आपलं दार लावायला उठली, तसे मास्तर ओरडले.

"कडी घालू नगं! दादा माझं लिंग घेऊन यायचाय."