नको म्हटलेला शब्द

मित्रांनो, माझ्या पाठीवर हात ठेवून बघा, अजून गरम लागेल. मी औरंगपुऱ्यातल्या एका वकिलाच्या ऑफिसातला जुना संगणक आहे, आणि मी पुन्हा कामाला लागलोय!

नवा होतो तेव्हा इंद्रजीत वकिलांनी मला हार घातला होता. त्यांचे दावे, अर्ज, नोटिसा, सगळं माझ्यावरच टाइप व्हायचं. अशील आला की ते कौतुकानं म्हणत, "हा माझा ज्युनिअर. कधी सुट्टी मागत नाही." पुढं लॅपटॉप आले आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्या डोक्यावर फायलींचे गठ्ठे चढले.

यंदा उन्हाळ्यात त्यांची खरीखुरी ज्युनिअर, मंजुषा, हिचा लॅपटॉप बंद पडला. सुनावणी तोंडावर आलेली. तिनं गठ्ठे उतरवले, ओढणीनं माझी धूळ पुसली आणि मला सुरू केलं.

खटला होता पुंडलिकनगरच्या सुलेखाचा. तिचे वडील कडुबा शाळेत प्रयोगशाळेचे परिचर होते. नोकरीत असतानाच ते गेले. अनुकंपा तत्त्वावर ती जागा सुलेखानं मागितली, तर शाळा चालवणाऱ्या संस्थेनं कळवलं, मुलगी विवाहित आहे, ती आता त्या कुटुंबातली नाही. विधवा आईला, आवडाबाईंना, सांभाळत होती मात्र तीच.

"लग्न झालं म्हणून मी बापाची लेक नाय का?" सुलेखा विचारायची.

लग्नानंतरही लेक ती लेकच, हे आधी एखाद्या न्यायाधीशानं निकालात लिहिलेलं हवं होतं, म्हणजे कोर्टाला दाखवता आलं असतं. निकालांच्या संकेतस्थळावर मंजुषानं नुसते शब्द टाकले, तर हजारो निकाल धबाधबा कोसळले. मग तिनं 'अनुकंपा नियुक्ती' आणि 'विवाहित मुलगी' यांचे इंग्रजी शब्द अवतरणचिन्हांत बसवले, म्हणजे ते शेजारी शेजारीच सापडावेत. दोन्ही एकाच निकालात हवेत म्हणून मधे 'अँड' घातला. तरी पेन्शनच्या भांडणांची गर्दी हटेना. तिनं शेवटी 'नॉट पेन्शन' लिहिलं. मी इमानानं तसले सगळे निकाल बाजूला सारले. उरले मोजके, आणि त्यातला एकही कामाचा नाही.

"नसेल तर नसेल," इंद्रजीत वकील म्हणाले. "आपण युक्तिवादावर लढू."

समोर बसलेल्या सुलेखाचा चेहरा उतरला. "ताई, ते नॉट म्हंजी काय?"

"ज्या निकालात पेन्शन हा शब्द असेल, तो नको."

"पण पेन्शन तर माझ्या आईला चालू हाय. आमच्या कागदातबी हाय की तो शब्द."

मंजुषानं पडद्यावरचा आपलाच 'नॉट' पुन्हा वाचला. मग ती खो खो हसली. "अगं, म्हणजे उद्या तू जिंकलीस, तर तुझाही निकाल मी असाच फेकून दिला असता!"

तिनं 'नॉट' खोडला. न्यायाधीश कुठं 'विवाहित मुलगी' लिहितात, कुठं 'लग्न झालेली मुलगी'. ते दोन्ही 'ऑर'नं जोडून कंसात बांधले, म्हणजे त्यातलं कुठलंही एक असलं तरी चालावं. माझा पंखा घरघरला आणि परतलेल्या पेन्शनच्या गर्दीतून पडद्यावर एक निकाल वर आला. त्यात आईच्या पेन्शनचा उल्लेख जेमतेम एका ओळीत होता. खाली स्पष्ट लिहिलं होतं, लग्नानं मुलगी परकी होत नाही.

"सर, सापडला!" मंजुषा ओरडली. वकीलसाहेब चहा सांडत धावले.

सुनावणीत उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं तो निकाल वाचला आणि संस्थेचं पत्र रद्द केलं. सुलेखाला नेमणूक द्या, असा आदेश झाला. संध्याकाळी ती आईला घेऊन पेढे वाटत आली. आवडाबाईंनी पहिला पेढा माझ्याच कीबोर्डवर ठेवला.

"आवडाबाई, उचला तो! बटणं चिकटतील!" मंजुषा म्हणाली, पण हसत.

मित्रांनो, आमच्या अंगावर काही सांडू देऊ नका, अधूनमधून पंखा पुसा, जुने झालो म्हणून गठ्ठ्यांखाली टाकू नका. आणि आम्हाला काही शोधायला सांगताना, काय नको हे जरा जपून सांगा. आम्ही शब्दाला पक्के. तुम्ही नको म्हणालात, की त्या शब्दामागं कुणी आस लावून उभं असलं, तरी आम्हाला ते दिसत नाही.